वर्षावासातला संकल्प आणि बाबासाहेबांचे रोजचे दिवस

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत महाड-पोलादपूरकडच्या विहारांत संध्याकाळी वर्षावासाचे ग्रंथवाचन चालते. त्याला जोडून बरेच उपासक-उपासिका स्वतःपुरता एक संकल्प करतात. कोणी तीन महिने दारू सोडतो, कोणी रोज दहा पाने वाचायचे ठरवतो, कोणी पहाटे ध्यानाला बसतो. पहिला आठवडा उत्साहात जातो. मग लावणीची कामे निघतात, सावित्रीला पूर येतो आणि संकल्प मागे पडतो. अशा वेळी बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा उघडावे. ते आपण सत्याग्रह, परिषदा आणि संविधान अशा मोठ्या प्रसंगांतून वाचतो. त्या प्रसंगांच्या मधले साधे दिवस त्यांनी कसे घालवले, तिकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातले; म्हणजे महाडच्या शेजारचेच. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी होते. घरात दारू नव्हती, आणि सकाळ-संध्याकाळ भजन-प्रार्थना चुकत नसे. आई लहानपणीच गेली. मुंबईत परळच्या चाळीत हे कुटुंब राहायला आले, तेव्हा एकाच खोलीत माणसे, सामान, जाते आणि शेळीसुद्धा होती. अभ्यासाला शांत जागा नव्हती, म्हणून शांत वेळ शोधली गेली. मुलाने लवकर झोपायचे, वडिलांनी जागे राहायचे आणि रात्री दोनला त्याला उठवायचे. मग पहाटेपर्यंत रॉकेलच्या दिव्याखाली अभ्यास. वाचनाची ही सवय एकट्या भीमरावांची नव्हती, तिच्यात बापाची रोजची झोपमोड होती. संकल्प मुलांनी करावा आणि आपण टीव्हीसमोर बसावे, असे ज्या घरात चालते तिथे रामजींची आठवण काढायला हरकत नाही.

1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले.

1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला पोहोचले. इथला एक तपशील आपल्या व्याख्यानांत सहसा येत नाही. सुरुवातीचा काही काळ त्यांचाही मित्रमंडळींत, खेळात आणि गप्पांत गेला. मग एका रात्री त्यांनी स्वतःलाच जाब विचारला. आपण इथे कशासाठी आलो, मागे घरची माणसे कशी जगताहेत, असा तो विचार होता. त्यानंतर दिवसाचे अठरा-अठरा तास अभ्यास सुरू झाला आणि 1915 मध्ये एम. ए. पदवी मिळाली. बाबासाहेबही घसरले होते आणि सावरले होते, हे सांगितल्याने त्यांचा मोठेपणा कमी होत नाही. उलट ज्याचा संकल्प चौथ्या दिवशी मोडला, त्याला पाचव्या दिवशी पुन्हा बसता येते.

1920 नंतर लंडनमध्ये हीच शिस्त चालली. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताना आत जायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे. पोटात अपुरा नाश्ता, रात्री भूक लागली की भाजलेले पापड. 1923 साली डी. एस्सी. झाली आणि बॅरिस्टरीही हातात आली.

इथपर्यंतचे कष्ट एका माणसाचे होते. पुढचे महाडला सुरू झाले. 1923 चा बोले ठराव आणि त्याला धरून महाड नगरपालिकेने केलेला ठराव यांनी चवदार तळे कागदावर सर्वांना खुले झाले होते, प्रत्यक्षात नाही. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. लाडवलीचे रामचंद्र मोरे, सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे ही मंडळी तिच्या तयारीत होती. 20 तारखेला हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मग मारहाण झाली, ती सर्वांना माहीत आहे.

पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी लोकांकडून आणखी एक गोष्ट मागितली होती: मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, मुलांना शिकवा. तळ्यावर एकदा जायचे होते, हे रोज पाळायचे होते. मेलेले ढोर ओढायला नकार देणे म्हणजे गावाशी वैर घेणे. बलुते तुटायचे, कामावर बंदी यायची, मार पडायचा. आपण आज सवय बदलतो तेव्हा आपली फार तर गैरसोय होते. आपल्या आज्या-पणज्यांनी सवय बदलली तेव्हा चूल बंद पडण्याची भीती होती, तरी वाडीवाडीतल्या माणसांनी शब्द पाळला.

डिसेंबरच्या परिषदेला बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगावला उतरले आणि तिथून पायी महाडला आले. मंडपासाठी जागा दिली ती एका मुस्लिम गृहस्थाने. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब मुद्दाम स्त्रियांशी बोलले. जातीची खूण सांगणारी लुगड्याची नेसण आणि गळ्यातले जड दागिने टाकून द्या, घर स्वच्छ ठेवा, मेलेल्या जनावराचे मांस घरात शिजवू नका, मुलींना शाळेत घाला, असे त्यांनी सांगितले. बायकांनी तिथेच नेसण बदलली. बारशाचे किंवा लग्नाचे मुहूर्त बघणाऱ्या समाजात त्यांनी दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहिली नाही.

स्वतः बाबासाहेब 3 एप्रिल 1927 पासून ‘बहिष्कृत भारत’ पाक्षिक चालवत होते. पैसा नव्हता, माणसे नव्हती, म्हणून अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकहाती लिहीत. चवदार तळ्याचा दावा उच्च न्यायालयात जिंकला गेला तो 17 मार्च 1937 रोजी, सत्याग्रहानंतर दहा वर्षांनी. दहा वर्षे कागदपत्रे, तारखा, पुरावे.

त्यांची एक सवय मात्र उचलू नये. झोप आणि प्रकृती यांकडे त्यांनी कधी नीट पाहिले नाही. मधुमेह आणि पायांचे दुखणे यांनी शेवटची वर्षे कठीण केली. समाजाने त्यांच्या अठरा तासांचे गोडवे गायले, पण त्यांच्या खांद्यावरचे किती काम वाटून घेतले, हा प्रश्न उरतोच.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला त्यांनी बुद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही, प्राणिमात्रांवर दया करीन. यांतली कोणतीही प्रतिज्ञा एका दिवसात पुरी होणारी नाही. महाडला जे गावकीविरुद्ध मागितले होते, तेच आता पंचशीलाच्या आधाराने मागितले होते.

त्यानंतर त्यांना आठ आठवडेही मिळाले नाहीत. 5 डिसेंबरच्या रात्री दिल्लीच्या घरी त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद उशाशी मागवून घेतले. 6 डिसेंबरच्या सकाळी ते उठले नाहीत. ग्रंथ 1957 साली निघाला. वर्षावासात रोज संध्याकाळी विहारात आपण वाचतो तो हाच.