घंटेपलीकडचा पावलोव्ह

मेसची वेळ झाली की ताट यायच्या आधीच तोंडाला पाणी सुटतं. हे का होतं, याच्या मागे जन्मभर लागलेला माणूस म्हणजे इव्हान पावलोव्ह.

१८४९ साली रशियातल्या रियाझान शहरात धर्मगुरूच्या घरी त्याचा जन्म झाला. बापाची वाट सोडून पठ्ठ्या १८७० मध्ये सेंट पीटर्सबर्गला विज्ञान शिकायला गेला. लग्नानंतरही बरीच वर्षं खिसा रिकामाच, पण प्रयोग चालूच!

घंटा आणि कुत्रा सगळ्यांनाच ठाऊक. पण १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामाला. त्याने कुत्र्याची अन्ननलिका गळ्याशीच बाहेर काढली. घास पोटात पोचायचाच नाही, तरी जठररस पाझरायचा. मेंदूकडून येणारी व्हेगस नस कापली की पाझर बंद. म्हणजे हुकूम नसेतूनच येतो!

१९०२ मध्ये मात्र लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवलं, की नसा तोडल्या तरी आतडं रक्तातून सिक्रेटिन धाडून स्वादुपिंडाला कामाला लावतं. पावलोव्हचा सारा डोलारा नसांवर उभा! त्याने तोच प्रयोग आपल्या लॅबमध्ये करवून घेतला आणि निकाल मान्य केला.

१९३६ मध्ये तो गेला. आज कळतं, दोन्ही वाटा खऱ्या. रिकामं जठर घ्रेलिन सोडून भुकेची वर्दी देतं, तर जेवण झाल्याची खबर आतड्यातली हार्मोन्स आणि व्हेगस मिळून मेंदूला पोचवतात.

प्रॅक्टिकलचं रीडिंग 'जुळवून' घेणाऱ्या दोस्तांनी हा माणूस लक्षात ठेवावा.