दादासाहेब गायकवाड आणि गायरानाचा सातबारा

काळाराम मंदिराच्या सत्याग्रहामुळे भाऊराव कृष्णराव तथा दादासाहेब गायकवाड यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पण त्यांच्या उत्तरायुष्यातील भूमिहीनांच्या लढ्याचे मोल त्याहून कमी नाही, किंबहुना काकणभर अधिकच आहे. देवळाचा दरवाजा पुढे कायद्याने उघडला. जमिनीचा मात्र बीड जिल्ह्यातील कितीतरी गावांत अजून पुरता उघडलेला नाही.

१५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील आंबे दिंडोरी येथे त्यांचा जन्म झाला. १९३० च्या सत्याग्रहाची प्रत्यक्ष जबाबदारी डॉ. आंबेडकरांनी त्यांच्यावर सोपविली. १९३७ साली ते मुंबई विधानसभेवर, तर १९५७ साली नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. हा माणूस सभागृहात रमणारा नव्हता. गावकीची कामे नाकारणाऱ्याला गावात मजुरी मिळत नाही आणि पायाखाली स्वतःची जमीन नसेल तर स्वाभिमान चार दिवसही टिकत नाही, हे त्यांनी पाहिले होते.

म्हणून १९५९ साली मराठवाडा आणि खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह उभा राहिला. मागणी साधी होती : सरकारी पडीक जमीन व गायराने कसणाऱ्यांच्या नावे करावीत. मराठवाडा निजामी राजवटीतून बाहेर पडून जेमतेम अकरा वर्षे झाली होती. डिसेंबर १९६४ मध्ये हीच मागणी देशव्यापी झाली आणि सत्याग्रहींची संख्या लाखांवर गेली. बायाबापड्या कडेवरच्या पोरांसह तुरुंगात गेल्या.

१९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी ते निवर्तले. लढ्याला फळ आले, पण उशिरा आणि अर्धेमुर्धे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. बीडमध्ये एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने गायरान कसणाऱ्यांना हाताशी धरून ही लढाई चालविली. तथापि तारखेपूर्वीचा ताबा सिद्ध करावयाचा तो कागदाने. आणि दगडगोटे वेचून माळ पिकाऊ करणाऱ्याकडे कागद तेवढा नसतो. पीकपाहणीत नोंद व्हावी तर तलाठी राजी हवा, दंडाची पावती जपावी तर घराला धड छप्पर हवे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. त्यातून भूमिहीनांना सवलतीची वाट ठेवलेली असली, तरी गावोगाव ती वाट दाखविणारा कोणी नव्हता.

ज्यांना रीतसर वाटप झाले तेही सुटले नाहीत. त्यांच्या सातबारावर भोगवटादार वर्ग दोनचा शिक्का असतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती जमीन विकता येत नाही. गावच्या दांडग्यांपासून जमीन वाचविणारी ही अट अनाठायी म्हणता येणार नाही, पण नड भागविताना ती जाचते हेही तितकेच खरे.

भूमिहीनांना खासगी जमीन विकत घेऊन देण्याची शासनाची एक योजना आहे : जिरायत चार एकर किंवा बागायत दोन एकर. तिला दादासाहेबांचेच नाव आहे. ज्यांच्यासाठी ते तुरुंगात गेले त्यांच्यापैकी अनेकांची नातवंडे मात्र आजोबांनी फोडलेल्या त्याच माळावर पेरणी करतात, आणि गावच्या दप्तरात त्यांची नोंद अतिक्रमणाच्या रकान्यात होते.