वऱ्हाडातील वकील आणि किर्लोस्कर मंडळींचा गल्ला

कलासंस्थांनी प्रेक्षक कसा मिळवावा, तिकिटे कशी खपवावीत, नव्या प्रयोगाचा बोभाटा कसा करावा याचे शिक्षण देणारे वर्ग आज भरतात. त्याला मार्केटिंग असे नाव आहे. नाव नवे असले तरी चिंता जुनीच आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव फिरणाऱ्या मराठी नाटक मंडळ्यांना ती रोज रात्री भेडसावीत असे. नटांचे पगार, सर्वांचे भोजन, पडद्यांची ने-आण, नाटकगृहाचे भाडे हे सारे गल्ल्यावर अवलंबून असे. या गल्ल्याचे मर्म ज्यांनी वऱ्हाडात बसून ओळखले, ते नाटककार म्हणजे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. विनोदी वाङ्मयाचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. त्या गौरवात त्यांची ही दुसरी कामगिरी काहीशी झाकली गेली आहे.

कोल्हटकरांचा जन्म २९ जून १८७१ रोजी नागपूर येथे झाला. बालपण बुलढाण्यास गेले, शालेय शिक्षण अकोल्यास झाले. १८८८ मध्ये मॅट्रिक झाल्यावर ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. पुण्याने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक आगरकरांच्या सुधारणावादाचा संस्कार आणि दुसरी नाटकाची गोडी. पदवीनंतर कायद्याचा अभ्यास करून ते १८९७ मध्ये एलएल.बी. झाले आणि त्यांनी अकोल्यास वकिली सुरू केली. पुढे खामगाव व जळगाव-जामोद ही त्यांची कर्मभूमी झाली. ही दोन्ही गावे आज बुलढाणा जिल्ह्यात असली तरी १९०५ च्या फेररचनेपर्यंत ती अकोला जिल्ह्यातच मोडत होती. त्यामुळे कोल्हटकरांना अकोल्याचे म्हणण्यात कोणतीही ओढाताण नाही.

त्या काळचा वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख. खामगावच्या कापूस बाजारासाठी १८७० मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा काढण्यात आला होता. मुंबई-नागपूर लोहमार्गावर अकोला होते आणि बडनेऱ्याहून अमरावती गाठता येत असे. कापूस विकून हाती पैसा आलेला शेतकरी, अडत्ये, जिनिंगचे मालक, वकील आणि सरकारी नोकर असा प्रेक्षक येथे तयार होता. रेल्वेमुळे मुंबईच्या करमणुकीचे वारेही येथवर सहज पोहोचत. नाटक मंडळ्यांना वऱ्हाडचा मुक्काम मानवत असे, यात म्हणूनच नवल नाही. पुण्या-मुंबईपासून दूर राहणाऱ्या या वकिलाला प्रेक्षक जवळून पाहण्याची संधी येथे मिळाली असली पाहिजे. कोर्टात येणारा पक्षकार आणि नाटकास येणारा प्रेक्षक ही बरीचशी एकच माणसे होती.

किर्लोस्कर नाटक मंडळीची त्या वेळची स्थिती ध्यानात घेतल्याशिवाय कोल्हटकरांच्या कामगिरीचे मोल कळत नाही. मंडळीचे संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये निवर्तले. 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' ही त्यांची पुण्याई मोठी होती. पण तीच ती नाटके किती वर्षे दाखवायची, हा प्रश्न होता. गोविंद बल्लाळ देवलांनी 'मृच्छकटिक' आणि 'शापसंभ्रम' दिली, तीही संस्कृत वाङ्मयाच्या आधारावर उभी होती. इकडे मुंबईत पारशी कंपन्यांच्या उर्दू नाटकांनी प्रेक्षकांना भुरळ घातली होती. त्यांचा थाट, चमत्कृतिपूर्ण कथानके आणि नाचऱ्या, हलक्याफुलक्या चाली यांपुढे साकी-दिंडीची गोडी तरुण प्रेक्षकाला कमी वाटू लागली होती.

'वीरतनय' हे कोल्हटकरांचे पहिले नाटक १८९६ मध्ये किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याचे कथानक पुराणातले नव्हते आणि संस्कृतातलेही नव्हते, ते सर्वस्वी कल्पित होते. पदांसाठी त्यांनी पारशी व गुजराती रंगभूमीवरील चाली निवडल्या आणि त्यांवर मराठी शब्द बसविले. जुन्या वळणाच्या रसिकांना हे रुचणे कठीण होते, आणि नाट्यसंगीत हलके केल्याचा ठपका कोल्हटकरांवर पुढेही ठेवला गेला. प्रेक्षकांनी मात्र या पदांना वन्स मोअर देऊन कौल दिला. चाल ओळखीची व शब्द नवे असले की पद नाटकगृहाबाहेर आपोआप जाते. दुसऱ्या दिवशी ते बाजारात गुणगुणले जाते आणि पुढच्या खेळाची जाहिरात फुकटात होते. हस्तपत्रके वाटून जे साधत नसे ते अशी पदे साधत.

मात्र कोल्हटकरांना निव्वळ गल्ला भरावयाचा नव्हता. व्यवसाय म्हणून त्यांच्यापाशी वकिली होती. त्यांना सुधारणा सांगावयाची होती, आणि ती ऐकावयास कोणी पदरचे पैसे मोडून येत नाही हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी चाली, कोट्या, वेषांतरे आणि शेवटपर्यंत राखलेली रहस्ये यांच्या आवरणात आपले म्हणणे गुंडाळले. 'मूकनायक'मध्ये मद्यपानाचा, 'गुप्तमंजूष'मध्ये स्त्रीशिक्षणाचा आणि 'मतिविकार'मध्ये विधवाविवाहाचा प्रश्न आला. एरवी सुधारकांच्या व्याख्यानाकडे पाठ फिरविणारे गृहस्थ या नाटकांना सहकुटुंब येऊन बसले. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत दाखल झालेल्या बालगंधर्वांनीही त्यांच्या नायिका रंगविल्या.

त्याच १९०५ साली मुंबईत पहिले नाट्यसंमेलन भरले आणि त्याच्या अध्यक्षपदाचा मान अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे यांना मिळाला. लोकमान्य टिळकांचे हे सहकारी नाटकाचे मोठे शौकीन होते. पुढे १९१३ मध्ये अमरावतीच्याच वीर वामनराव जोशी यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीने गाजविले. मराठी रंगभूमीचा इतिहास पुणे-मुंबई-सांगलीपुरता सांगण्याची सवय आपल्याला जडली आहे, तिला ही नावे पुरेसे उत्तर देतात.

कोल्हटकरांच्या युक्तीत एक धोका दडलेला होता आणि तो त्यांनाच बाधला. आवरण इतके आकर्षक झाले की आतला ऐवज अनेकांनी उघडून पाहिलाच नाही. त्यांची पात्रे बोलण्यात एकमेकांवर कुरघोडी करतात, कोटीला कोटी भिडते, आणि या शब्दांच्या आतषबाजीत पात्रांची सुखदुःखे दिसेनाशी होतात. विधवेचे दुःख दाखविताना संवाद लेखकाच्या बुद्धीकडे बोट दाखवू लागला तर प्रेक्षक टाळी देतो, पण रडत नाही. देवलांच्या 'शारदे'ने १८९९ मध्ये जरठ-बाला विवाहाचा प्रश्न साध्या, घरगुती भाषेत मांडून प्रेक्षकांच्या काळजाला हात घातला. ती ताकद कोल्हटकरांच्या नाटकांत क्वचितच आढळते.

शिवाय नावीन्य हे भांडवल लवकर जुने होते. १९११ मध्ये किर्लोस्कर मंडळीनेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आणले. गोविंदराव टेंब्यांनी दिलेल्या रागदारी वळणाच्या चालींनी प्रेक्षकांची अभिरुची पुन्हा फिरविली, आणि पारशी चालींचा काळ ओसरू लागला. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस व टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. कोल्हटकरांना घडविणारी आणि त्यांच्यामुळे सावरलेली मूळ मंडळी दुबळी झाली. कोल्हटकर लिहीत राहिले. 'वधूपरीक्षा', 'सहचारिणी', 'जन्मरहस्य', 'शिवपावित्र्य' अशी नाटके आली. पण पूर्वीचे यश पुन्हा लाभले नाही. ज्याने प्रेक्षकांची नस पकडली होती त्यालाच ती सापडेनाशी झाली.

त्यांची विद्या मात्र शिष्याकडे गेली. राम गणेश गडकरी किर्लोस्कर मंडळीत बालनटांना शिकविण्याच्या निमित्ताने वावरले आणि त्यांनी कोल्हटकरांना गुरू मानले. गडकऱ्यांनी गुरूची कोटीबाजी घेतली, कल्पनाविलास घेतला, आणि त्यात भावनेची भर घातली. 'मूकनायक'ने मांडलेला मद्यपानाचा विषयच 'एकच प्याला'त पुन्हा आला. जानेवारी १९१९ मध्ये गडकरी सावनेर येथे निवर्तले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व मंडळीने बडोद्यास त्या नाटकाचा पहिला प्रयोग केला. त्याची लोकप्रियता 'मूकनायक'ला कधीच लाभली नव्हती. वि. स. खांडेकरही कोल्हटकरांना गुरुस्थानी मानीत.

नाटकाने जे थोडे हिरावून नेले ते विनोदाने परत दिले. १९०२ मध्ये 'साक्षीदार' या लेखाने सुरू झालेली 'सुदाम्याचे पोहे' ही लेखमाला १९१० मध्ये पुस्तकरूपाने आली. पहिलाच विषय साक्षीदाराचा असावा, यात त्यांच्या वकिलीचा वाटा उघड आहे. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या या त्रिकुटाने सण, व्रते, ज्योतिष आणि सोवळेओवळे यांचा भाबडा कैवार घेत त्यांचीच फजिती केली. येथे ना नट लागत होता, ना पडदा, ना गल्ला. ज्या सुधारणा रंगभूमीवर पदांच्या आडून सांगाव्या लागल्या, त्या या लेखांत त्यांनी अधिक मोकळेपणाने सांगितल्या आणि वाचकाने त्या हसत स्वीकारल्या.

समीक्षा, कादंबरी, कविता, इतकेच नव्हे तर ज्योतिर्गणितही त्यांनी हाताळले. 'बहु असोत सुंदर' हे महाराष्ट्रगीत त्यांचेच, पण ते म्हणणाऱ्या अनेकांना कवीचे नाव ठाऊक नसते. १९२७ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १ जून १९३४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे 'आत्मवृत्त' त्यानंतर, १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले.