बालवाडीच्या बाई



बालवाडीत शिकवणे म्हणजे नुसती पोरे सांभाळणे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. अशा वेळी आम्हांला पंडिता रमाबाई आठवतात.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. आईवडील आणि बहीण दुष्काळातल्या उपासमारीत गेले. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो अँग्लिकन मंडळीत झाला, आपल्या ख्रिस्तसभेत नव्हे. पण चांगले उदाहरण कुठूनही घ्यावे. तेथे त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवीत.

१८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि फ्रोबेलची बालशिक्षणाची पद्धत शिकल्या. पंडिता म्हणून गौरवलेली ही बाई ठोकळे, खेळ आणि गाणी शिकायला बसली! सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, नम्रतेवर निबंधही लिहिले. पण लहान मुलांसमोर जमिनीवर बसण्याची कल्पना काही तेव्हा सुचली नाही.

परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत बालविधवांसाठी शारदा सदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात वऱ्हाडाला लागून असलेल्या मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे ३०० अनाथ मुली आणल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती सदनात त्या मुलींना आधी न्हाऊमाखू घालावे लागे, जेवू घालावे लागे, अक्षरे त्यानंतर. तेथेच ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी प्राण सोडला.

आपल्या बालवाडीला जूनपासून बाई नाहीत. दोघी-तिघींना विचारले, त्यांना हायस्कूलच हवे. कोणाची तयारी असेल तर मिस्सानंतर आम्हांला भेटावे.