दोन वर्षे न खपलेला नांगर

आमच्या घरामागच्या गोठ्यात एक लोखंडी नांगर पडून आहे. त्याच्या अंगावर ओतीव अक्षरांत किर्लोस्कर हे नाव आहे. गंजाने दोन अक्षरे खाल्ली आहेत, तरी नाव ओळखू येते. माझ्या पणजोबांनी तो विकत घेतला होता. पुढे बैलजोडी गेली, भाड्याचा ट्रॅक्टर शेतात आला आणि नांगरावर कोंबड्या बसू लागल्या. लहानपणी मला वाटे की किर्लोस्कर ही नांगराचीच एक जात असावी. ते एका माणसाचे आडनाव आहे, हे सांगणारे घरात कोणी नव्हते, कारण माझ्याआधी आमच्या घरातून कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. अमरावतीस शिकायला आल्यावर ग्रंथालयात त्या माणसाचे चरित्र हाती पडले आणि गोठ्यातला नांगर मला प्रथमच नीट दिसला. मित्रहो, त्या नांगरामागच्या माणसाची कहाणी आज सांगावीशी वाटते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमी उभी करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाने शिकून सरकारी नोकरी धरावी, अशी त्या काळच्या कोणाही वडिलांप्रमाणे त्यांची इच्छा असावी. परंतु लक्ष्मणाचे मन पुस्तकांत रमेना. त्याचा ओढा होता चित्रांकडे आणि यंत्रांकडे. वडिलांच्या मनाविरुद्ध तो १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. खर्चाचा भार उचलला तो थोरले बंधू रामुअण्णा यांनी. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, त्याच्याकडे मला शेवटी परत यायचे आहे.

दोन वर्षांनी पहिला घाव बसला. आपल्याला काही रंग नीट ओळखू येत नाहीत, असे लक्ष्मणरावांच्या लक्षात आले. चित्रकाराला रंगच दिसू नयेत याहून मोठे दुर्दैव कोणते? घरी परत जाण्यास हे कारण पुरेसे होते. परंतु त्यांनी रंगांचा नाद सोडला आणि रेषा धरून ठेवली. यंत्रांची आरेखने काढण्यास रंग लागत नाहीत. त्या विद्येच्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते साहाय्यक शिक्षक झाले. तेथील कर्मशाळेत यंत्रे उघडून पाहायची, जोडायची आणि पुन्हा उघडायची, यात त्यांचे दिवस जाऊ लागले.

नोकरी चालू असतानाच मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी सायकल पाहिली. मग मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि बेळगावात रामुअण्णांनी त्या विकायच्या, असा व्यापार सुरू झाला. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालचा मानतात, तो या सायकलींपासूनच. तेव्हा सायकल ही श्रीमंतांची चैन होती. एकेकीची किंमत ७०० ते १००० रुपये पडे आणि सायकल चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे घेत, असे सांगतात. शर्टाच्या गुंड्या करून पाहण्याचाही एक प्रयत्न त्यांनी केला, पण तो टिकला नाही.

तंत्रसंस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि १८९७ च्या सुमारास ते बेळगावास आले. बांधलेला पगार सोडताना पदरी बायको होती, हाताशी मोठे भांडवल नव्हते. होते ते भावाचे दुकान आणि यंत्राची जाण.

सायकली विकून माणूस पोट भरू शकेल, पण आपण स्वतः काही घडवीत नाही ही खंत राहतेच. आपल्या देशात शेतकरी अधिक, म्हणून शेतकऱ्याला लागेल ते यंत्र करावे, असे त्यांनी ठरविले. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले. त्यानंतर १९०३ मध्ये त्यांचा पहिला लोखंडी नांगर तयार झाला. इंग्लंडातून लोखंडी नांगर येत, परंतु ते थोड्याच शेतकऱ्यांना परवडत. तसाच नांगर आपल्या मातीत, आपल्या हातांनी ओतायचा हा लक्ष्मणरावांचा निश्चय होता.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर खपायला तब्बल दोन वर्षे लागली. व्याख्यानांत ही गोष्ट सांगतात तेव्हा श्रोते त्या शेतकऱ्यांच्या अडाणीपणाला हसतात. मला मात्र हसू आले नाही. मी खारपाणपट्ट्यातल्या गावचा आहे. आमच्याकडे विहिरीचे पाणी खारट, त्यामुळे सगळी भिस्त पावसावर. ज्याच्या हाती वर्षाकाठी एकच हंगाम, तो नव्या वस्तूला भिणारच. प्रयोग फसला तर कारखानदाराचा एक नांगर वाया जातो, शेतकऱ्याचे मात्र अख्खे वर्ष जाते आणि वर सावकाराचे व्याज चढते. आमच्या काळ्या कपाशीच्या जमिनीत तर वर्षानुवर्षे वखरानेच मशागत होत आली. तेथे नवा नांगर नको म्हणणारा माणूस मूर्ख नव्हता, जपून चालणारा होता.

शेतकऱ्याची ही भीती लक्ष्मणरावांनी मोठ्या शांतपणे घेतली असे दिसते. नांगराचा उपयोग शेतातच दाखवावा लागतो. लाकडी नांगर जमीन चिरतो, पण ढेकूळ उलथत नाही. लोखंडी नांगराचा पंख मातीची खाप उचलून पालथी घालतो. त्यामुळे हराळी आणि कुंदा यांच्या मुळ्या उघड्या पडून उन्हाने वाळतात. कुंद्याने भरलेले वावर ज्याने पाहिले आहे, त्याला याचे मोल सांगायला नको. फाळ मऊ राहिला तर दगडगोट्यांत झिजतो आणि फार कडक झाला तर तडकतो. म्हणून लोखंड कसे ओतावे, याचाही अभ्यास त्यांना करावा लागला. हळूहळू एका वावरातील नांगरट पाहून शेजारच्या वावराचा मालक येऊ लागला. पुढे उसाचे चरक आणि भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रेही त्यांनी केली.

धंदा जरा उभा राहतो तोच बेळगावची जागा हातची गेली. नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखाना दुसरीकडे नेणे भाग पडले. कर्ज काढून उभारलेले सारे उचलायचे आणि न्यायचे कोठे, हा प्रश्न होता. त्याच सुमारास औंध संस्थानच्या गादीवर बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले होते. ते स्वतः चित्रकार आणि लक्ष्मणरावांचे स्नेही. त्यांनी औंधच्या यमाईच्या देवळातील मंडपाचे काम लक्ष्मणरावांना दिले आणि कारखान्याची अडचण कळताच आपल्या संस्थानात जागा देऊ केली. कुंडल रोड या रेल्वे स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये कर्ज. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

जमीन मात्र ओसाड माळ होती. निवडुंगाचे रान आणि त्यात नाग. पाणी नाही, सावली नाही. मार्च १९१० मध्ये सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तेथे उतरले. रामुअण्णा वसाहतीची व्यवस्था पाहू लागले. शंभोराव जांभेकर आणि अनंतराव फळणीकर यंत्रांच्या बाजूला, मंगेशराव रेगे हिशेबाला, असे जिवाभावाचे सहकारी मिळाले. निवडुंग तोडून कारखाना उभा राहिला आणि शेजारी गाव वसले. तेच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. या गावात शिवाशीव पाळायची नाही असा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी कामावर घेतले आणि राखणीचे काम दिले. ज्यांना गाव चोर म्हणून ओळखत होते, त्यांच्याच हाती किल्ल्या सोपविण्यास केवढे मन लागले असेल!

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी लोखंड मिळेनासे झाले. भट्टी थंडावण्याची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या. ज्या तोफांनी कधी काळी माणसे मारली असतील, त्यांचे नांगर होऊन शेतात गेले. युद्ध संपल्यावर १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे पत्र सुरू केले. नांगराची माहिती देणाऱ्या त्या पत्राचे पुढे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक झाले. १९२६ मध्ये पाणी उपसणारा पंप तयार झाला. १९३० च्या आगेमागे जगभर मंदी आली, नांगरांची मागणी आटली, तेव्हा याच कारखान्याने लोखंडी खुर्च्या-टेबले करून दिवस काढले. अमेरिकेत शिकून आलेले चिरंजीव शंतनुराव आणि इतर तरुण मंडळी यांच्याकडे हळूहळू कारभार गेला.

म्हातारपणीही दैवाने त्यांना सोडले नाही. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. ज्या माळावर एकेक वीट आपण रचली, तेथून धूर निघताना ऐकण्याची पाळी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी या माणसावर आली. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीस, सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. आपल्या अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले तेही त्याच वर्षी.

येथपर्यंतची कहाणी चिकाटीची आहे आणि ती तशीच सांगितली जाते. परंतु ही कहाणी वाचताना मला माझ्या वडिलांची आठवण येत होती. त्यांनीही धंदा केला होता. गावच्या फाट्यावर पत्र्याचे एक दुकान. वखराच्या पासा शेवटून देणे, डवरे नीट करणे, फवारणीचे पंप दुरुस्त करणे. सुटे भाग अकोल्याहून एसटीने आणत. लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला आणि तिसऱ्या वर्षी दुकान बंद झाले. आता हंगामात ते जिनिंगवर कामाला जातात. त्यांच्या अंगी चिकाटी नाही, असे नातेवाईक म्हणत आणि खरे सांगायचे तर मीही तसेच समजत होतो.

यंदा दिवाळीच्या सुटीत मी त्यांना प्रथमच विचारले की दुकान का बंद पडले? ते काही बोलले नाहीत. आत जाऊन त्यांनी एक वही आणून दिली. उधारीची वही होती ती. पानोपानी गावातल्याच लोकांची नावे, समोर पंपाचे वॉशर, नळी, जोडकाम आणि ४० रुपये, ६५ रुपये असे आकडे. बेरीज केली तेव्हा नवीन माल भरण्यास पुरेल एवढी रक्कम निघाली. पिकाने ज्यांना फसविले होते त्यांच्याकडे तगादा लावणे वडिलांच्या जिवावर आले. त्यांच्याकडे चिकाटी होती. पण पगारातून पैसे धाडणारा भाऊ नव्हता, १०,००० रुपये देणारा राजा नव्हता आणि लोखंड संपले तेव्हा तोफ काढून देणारेही कोणी नव्हते.

यामुळे लक्ष्मणरावांचे मोठेपण तिळभरही कमी होत नाही. मिळालेल्या प्रत्येक विश्वासाचे त्यांनी सोने केले, तेही दुसऱ्यांना सोबत घेऊन. परंतु धंद्यात बुडालेल्या माणसाला आळशी म्हणण्याआधी त्याच्या पाठीशी कोण होते हे आपण विचारले पाहिजे, एवढे मात्र मला या चरित्राने शिकविले. लक्ष्मणरावांचे नाव नांगरावर ओतले गेले, पण कलाशाळेची फी भरणाऱ्या रामुअण्णांशिवाय तो नांगर झाला असता का?

माझी फी वडील भरतात, जिनिंगच्या मजुरीतून. म्हणजे आमच्या घरात रामुअण्णा आहेतच, फक्त मी त्यांना ओळखले नव्हते. पुढे नोकरी लागो वा न लागो, पहिले जे चार पैसे हाती येतील त्यातून फाट्यावरचे ते पत्र्याचे दार उघडायचे आणि या वेळी वडिलांच्या मागे कोणीतरी उभे राहायचे, असे मी ठरविले आहे. सुटी संपण्यापूर्वी आम्ही दोघांनी रॉकेल लावून गोठ्यातला नांगर घासला. गेलेली दोन अक्षरे काही परत आली नाहीत. वडिलांनी फाळावरून बोट फिरवून पाहिले आणि अजून चांगला आहे, एवढेच म्हणाले.