राज्य गेलं, सोनं राहिलं

मागच्या दिवाळीत आमच्या बचत गटाच्या प्रदर्शनात एका मैत्रिणीने तंजावर शैलीतलं चित्र मांडलं होतं. गुटगुटीत बाळकृष्ण, हातात लोण्याचा गोळा, अंगावर उठावाचे दागिने आणि त्यांवर सोन्याचा वर्ख. येणारी प्रत्येक बाई तिथे थबकायची, किंमत ऐकून पुढे सरकायची आणि पुन्हा मागे वळून बघायची. एका आजींनी विचारलं, की ही मद्रासकडची कला आपल्या गावात कशी काय आली? मी म्हटलं, आजी, ही कला बहरली ती भोसल्यांच्या राज्यात! त्यांना ते काही खरं वाटेना. तेव्हाच ठरवलं, की तंजावरच्या सरफोजीराजांची गोष्ट आपल्या मैत्रिणींना एकदा सांगायचीच.

तंजावर हे तमिळनाडूतलं, कावेरीच्या सुपीक खोऱ्यातलं शहर. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तिथे मराठी राज्य उभारलं. ते जवळजवळ १८० वर्षं टिकलं. सरफोजी याच भोसले घराण्याच्या एका दूरच्या शाखेत २४ सप्टेंबर १७७७ रोजी जन्मले. तंजावरच्या तुळजाजीराजांना वारस उरला नव्हता. म्हणून १७८७ मध्ये त्यांनी या नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं. पण त्याच वर्षी तुळजाजी वारले आणि लहानग्या सरफोजींचे हाल सुरू झाले.

तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह आधी कारभारी म्हणून आले आणि मग स्वतःच गादीवर बसले. दत्तकविधान शास्त्राला धरून नाही, असं ठरवण्यात आलं. पोराला कोंडून ठेवलं गेलं. त्याचं शिकणंही थांबलं. एका जर्मन मिशनऱ्यावर, श्वार्ट्झ यांच्यावर, तुळजाजींनी मरण्यापूर्वी मुलाची जबाबदारी सोपवली होती. या परधर्मी माणसाने दिलेला शब्द पाळला. त्यांनी इंग्रजांकडे वारंवार दाद मागितली. अखेर १७९३ मध्ये सरफोजींना तुळजाजींच्या विधवा राण्यांसोबत मद्रासला हलवलं गेलं. तिथे त्यांचं शिक्षण नीट मार्गी लागलं. श्वार्ट्झ यांचा उपकार सरफोजी जन्मभर विसरले नाहीत. गुरू गेल्यावर त्यांनी इंग्लंडहून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. मृत्युशय्येवरच्या गुरूंपाशी उभे असलेले सरफोजी त्यात कोरलेले आहेत. ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये बघायला मिळतं. राजांनी स्वतःचा धर्म मात्र कधी सोडला नाही.

१७९८ मध्ये इंग्रजांनी दत्तकविधान मान्य केलं आणि विशीतले सरफोजी गादीवर आले. पण इंग्रज काही फुकट मदत करणारे नव्हते. पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये, तह झाला. त्यात सगळा मुलूख कंपनीकडे गेला. राजांच्या हातात उरला फक्त तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग. दरसाल एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढी नेमणूक ठरली. राजा म्हणायचं, पण राज्य नाही! काही लोक आजही त्यांना इंग्रजांच्या हातातलं बाहुलं म्हणतात. ते अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण मैत्रिणींनो, पुढची तेहतीस वर्षं त्यांनी काय केलं, तेही बघायला हवं ना? अशा पैशावर ऐषआरामात लोळणारे संस्थानिक काही कमी नव्हते. सरफोजींनी तो पैसा कुठे लावला?

पहिली गोष्ट म्हणजे पुस्तकं. नायक राजांच्या वेळचा जुना ग्रंथसंग्रह वाड्यात होता. सरफोजींनी तो इतका वाढवला, की आज सरस्वती महाल हे देशातल्या मोठ्या हस्तलिखित ग्रंथालयांपैकी एक मानलं जातं. १८२० मध्ये ते काशीयात्रेला निघाले, तेव्हा बरोबर सुमारे तीन हजार माणसं होती. आपण यात्रेहून गंगाजल आणतो. यांनी गंगाजलाबरोबर पोथ्याही आणल्या! १८०५ च्या सुमारास त्यांनी तंजावरला देवनागरी छापखाना काढला. मुलांसाठी इसापच्या गोष्टी मराठीत करवून घेतल्या. बाळबोध मुक्तावली नावाचं ते पुस्तक १८०६ मध्ये छापलं गेलं. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांत त्याची गणना होते. आणि ते छापलं गेलं कुठे, तर तमिळ मुलखात!

दुसरी गोष्ट औषधोपचाराची. धन्वंतरी महालात आपले वैद्य आणि पाश्चात्त्य पद्धतीचे जाणकार शेजारी शेजारी काम करत. राजांना स्वतःला डोळ्यांच्या विकारांत फार रस. रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं आणि उपचारांच्या नोंदी आजही तिथे जपलेल्या आहेत.

तिसरी गोष्ट आपल्याला जवळची वाटेल अशी. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या होत्या. त्यांना तिकडे छत्रम म्हणतात. बऱ्याच छत्रमांना घराण्यातल्या स्त्रियांची नावं आहेत. ओरत्तनाडूचं छत्रम मुक्तांबाळच्या नावाचं आहे. ती राजांची लाडकी, पण राणीपद न मिळालेली स्त्री होती. इथे सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळे आणि आजाऱ्यांना औषध मिळे. अनाथ मुलांचा सांभाळ होई. अडलेल्या गर्भवतींची काळजीही घेतली जाई. मुलूख गेल्यावर या छत्रमांचं उत्पन्न तुटू नये म्हणून १८०१ मध्ये राजांनी कंपनीच्या अधिकाऱ्याला कळकळीचं पत्र लिहिलं. स्वतःच्या थाटासाठी नाही, तर वाटसरूच्या घासासाठी एक राजा विनवणी करत होता. मला तर त्यांच्या चरित्रातला हा सर्वांत मोठा प्रसंग वाटतो.

आणि आता आपली सोन्याची चित्रं. ही कला सरफोजींनी शोधून काढली असं नाही. ती नायक राजांच्या काळापासून चालत आलेली. मूळचे तेलुगू मुलखातले राजू आणि नायडू समाजाचे कारागीर ती करत. पण मराठ्यांच्या काळात आणि विशेषतः सरफोजींच्या आश्रयाने तिला खरा बहर आला. कृती ऐकाल तर स्वयंपाकघरातलीच वाटेल. फणसाच्या लाकडाची फळी घ्यायची. तिच्यावर चिंचोक्याच्या खळीने कापड चिकटवायचं. खडूची भुकटी आणि डिंक यांचे हात देऊन, घासून पृष्ठभाग गुळगुळीत करायचा. मग रेखाटन. दागिने, महिरप, खांब इथे त्याच लगद्याने उठाव द्यायचा, काचेचे खडे बसवायचे आणि वर सोन्याचा वर्ख चढवायचा. रंग भरायचे ते शेवटी. जुन्या घरातल्या अंधाऱ्या देवघरात समईची ज्योत हलली, की तो वर्ख मंद चमकायचा आणि देव जणू जागा व्हायचा. लोणी खाणारा बाळकृष्ण आणि रामपट्टाभिषेक हे तिथले लाडके विषय. हल्ली बहुतेक ठिकाणी फणसाच्या फळीऐवजी प्लायवूड वापरतात. पण जुन्या चित्रांवरचं सोनं दोनशे वर्षांनंतरही तसंच आहे. फक्त ज्यांनी ते चढवलं, त्या बहुतेक कारागिरांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत, याची रुखरुख वाटते.

सरफोजी ७ मार्च १८३२ रोजी गेले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये वारले आणि पुरुष वारस नाही म्हणून इंग्रजांनी उरलेलं राज्यही खालसा केलं. आश्रय गेला, पण कला काही मेली नाही. घराघरातल्या देवघरांनी तिला सांभाळलं. आता तर या चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

हे सगळं मी त्या आजींना थोडक्यात सांगितलं. त्या बराच वेळ चित्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, की बाई, पोरकं पोर ते, कोंडलेलं, त्याने दुसऱ्याच्या पोरांसाठी किती केलं! मला वाटतं, मी इतकं सांगून जे समजावू बघत होते, ते आजींना माझ्याआधीच कळलं होतं.

आपल्यापैकी कितीजणींच्या हातात घराचा कारभार असतो, पण सत्ता नसते. मोजके पैसे असतात आणि दुपारचे दोन तास असतात. सरफोजींकडे आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त होतं, हे खरंच. पण गेलेल्या मुलखासाठी ते कुढत बसले नाहीत. उरलेल्या किल्ल्यात त्यांनी पुस्तकं भरली, रोगी बरे केले, चित्रं घडवून घेतली. आमची ती मैत्रीणही मुलं शाळेत गेली, की दुपारी फळी घासायला बसते. पुढच्या वेळी कुठे असं चित्र दिसलं, तर किंमत विचारण्याआधी क्षणभर थांबा. त्यामागे तिच्यासारखे कितीतरी हात आहेत, आणि राज्य नसलेला एक राजाही आहे.