केट टुराबियन

केट लॅरिमोर टुराबियन (जन्म : २६ फेब्रुवारी १८९३, शिकागो, मृत्यू : २५ ऑक्टोबर १९८७) या अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या प्रबंध-सचिव होत्या. प्रबंधलेखन, तळटिपा आणि संदर्भसूची यांचे नियम सांगणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकाच्या लेखिका म्हणून त्या ओळखल्या जातात. त्या पुस्तकातील पद्धतीला त्यांच्या नावावरून 'टुराबियन शैली' असे म्हणतात.

जीवन

त्यांचे विवाहापूर्वीचे नाव लॉरा केट लॅरिमोर असे होते. शालेय शिक्षणानंतर गंभीर आजारपणामुळे त्यांना महाविद्यालयात जाता आले नाही. काही काळ त्यांनी एका जाहिरात संस्थेत टंकलेखनाचे काम केले. १९१९ मध्ये त्यांचा विवाह स्टीफन टुराबियन यांच्याशी झाला.

कारकीर्द

१९३० ते १९५८ या काळात त्या प्रबंध-सचिवपदावर होत्या. विद्यापीठात सादर होणारा प्रत्येक प्रबंध त्यांच्या नजरेखालून जात असे व त्यांच्या मंजुरीवाचून तो स्वीकारला जात नसे. स्वतःची पदवी नसलेल्या टुराबियन यांच्या संमतीवर अशा रीतीने असंख्य संशोधकांची पदवी अवलंबून असे.

त्या काळी प्रबंध टंकलेखन यंत्रावर तयार होत. तळटिपांसाठी पानाच्या तळाशी किती जागा सोडावी याचा अंदाज आधीच घ्यावा लागे. तो चुकल्यास संपूर्ण पान पुन्हा टंकित करावे लागे. तिरप्या ठशाची सोय नसल्याने ग्रंथनामे अधोरेखित करीत.

मार्गदर्शक पुस्तक

विद्यार्थ्यांच्या अशा अडचणी ध्यानात घेऊन त्यांनी १९३७ मध्ये एक पुस्तिका तयार केली. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची शैलीपुस्तिका १९०६ पासून उपलब्ध होती. मात्र ती मुख्यतः छापील ग्रंथांसाठी होती. टुराबियन यांनी तिचे नियम टंकलिखित प्रबंधाला लागू पडतील अशा रीतीने मांडले. पुढे विद्यापीठाच्या मुद्रणालयानेच हे पुस्तक प्रकाशित केले. १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी त्यांचे आणखी एक पुस्तक प्रसिद्ध झाले.

या शैलीत तळटिपेमध्ये लेखकाचे नाव आधी व आडनाव नंतर येते, तर संदर्भसूचीत आडनाव प्रथम येते. तळटीप मजकुराच्या क्रमाने वाचली जाते, सूचीत मात्र वर्णानुक्रमाने शोध घ्यावा लागतो, हे या भेदाचे कारण होय. मजकुरातच कंसात आडनाव व वर्ष देण्याची दुसरी पद्धतही पुस्तकाच्या पुढील आवृत्त्यांत स्पष्ट केलेली आहे. पद्धत कोणतीही असली, तरी वाचकाला मूळ साधनापर्यंत पोहोचता यावे, हाच या नियमांचा हेतू आहे.

वारसा

टुराबियन यांच्या निधनानंतरही पुस्तकाच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या. २००७ मधील सातव्या आवृत्तीचे संस्करण वेन बूथ, ग्रेगरी कोलोम आणि जोसेफ विल्यम्स यांनी केले; नववी आवृत्ती २०१८ मध्ये निघाली. टंकलेखन यंत्र कालबाह्य झाले, संकेतस्थळांचे संदर्भ देण्याचे नियम पुस्तकात समाविष्ट झाले, तरी मुखपृष्ठावर टुराबियन यांचे नाव कायम आहे.